मदत हवी आहे: खडपात दिसलेली पांढरी-केशरी समुद्री गोगलगाय कोणती?

प्रश्न (खडपकर):
हाजीअलीच्या खडपात, ओहोटीच्या डबक्यात दिसली. शंख नाही, लांबी साधारण ३ सेंमी. पांढऱ्या अंगावर केशरी जाळी, पाठीवर दोन ओळींत फांद्यांसारखे उंचवटे. अंग डावीकडे-उजवीकडे वळवत पोहत गेली. फोटो धूसर आलाय. नाव काय? पुन्हा कुठे शोधू? घरच्या खाऱ्या टाकीत जगेल का?

प्रतिसाद १ (सुकती):
वर्णनावरून बोर्नेला स्टेलिफर. खूण उंचवट्यांच्या टोकाशी बघा: टोकाच्या जरा खाली केशरी-लाल वलय हवं. तोंडाभोवती बोटांसारखे झुबके असतात, आणि कल्ले त्या उंचवट्यांनाच चिकटलेले. तसं पोहणंही हिला शोभतंच.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत सापडते. शोधताना गोगलगाय नाही, तिचं खाणं शोधा. ती हायड्रॉइड (दगडाला चिकटून राहणारे, रोपट्यासारखे दिसणारे छोटे समुद्री प्राणी) खाते. दगडाच्या सावलीतल्या बाजूला, कपारीत, पिसासारखे तपकिरी झुबके दिसले की तिथे दहा मिनिटं थांबा. अंड्यांची फीत दिसली तर गोगलगाय जवळपास असू शकते. झुबक्यांना उघडा हात लावू नका, काही डंख करतात. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा.

प्रतिसाद २ (भांगउधाण):
अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) जाऊन उपयोग नाही, पाणी पुरेसं उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस धरा. मुंबईत तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ०.५ मीटर किंवा कमी आकडा असलेली ओहोटी निवडा, तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळताच निघा. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात जवळपास निम्मं पाणी चढतं. भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरचा असेल तर त्या दोन तासांत २ मीटर. खडपात मागची वाट आधी बुडते. पावसाळ्यात हा उद्योग नकोच.

फोटो पाण्यातच काढा. बाहेर काढली की उंचवटे अंगाला चिकटतात आणि ओळखीच्या खुणाच जातात. एक वरून, एक डोक्याचा जवळून, एक ती ज्यावर बसली आहे त्याचा. फ्लॅश बंद, टॉर्च बाजूने.

खडपकर:
आणि टाकीचं?

सुकती:
नको. जिवंत हायड्रॉइड सतत पुरवावे लागतील, ते घरी टिकत नाहीत. कोरडं खाद्य ही खाणार नाही, उपाशी मरेल. त्याआधी पंपाच्या तोंडात ओढली गेली नाही तर.