बॉक्सरच्या अल्टरनेटरचा बेल्ट घरी बदलायचा की नाही?

वंगण (श्टुटगार्ट)
जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सरच्या (दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या मोटारसायकलच्या) चर्चेत काल एका सदस्याने लिहिलं : "अल्टरनेटरचा बेल्ट घरी बदलणं म्हणजे इंजिनाशी खेळ. साठ हजार झाले की गाडी शोरूमला द्यावी. ज्याला ते परवडत नाही त्याने ही गाडी घेऊच नये." पहिलं वाक्य मला पटत नाही. तिसऱ्या वाक्याने डोकं फिरलं. म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझ्याकडे जुनी आर११५०जीएस आहे, सेकंडहँड घेतलेली. इंजिनाच्या तोंडावर काळं कव्हर असतं, अॅलनचे स्क्रू काढले की बेल्ट समोर दिसतो. खाली क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली, वर अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. ऑइलचा थेंब सांडत नाही. टायमिंगचा (व्हॉल्व्ह आणि ठिणगीच्या वेळेचा) या बेल्टशी काडीचा संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण कारच्या टायमिंग बेल्टच्या गोष्टी ऐकून लोक उगाच घाबरतात. टाकी तेवढी उचलावी लागते, कारण अल्टरनेटरचे नट तिच्याखाली दडलेत. नट ढिले करायचे, अल्टरनेटर खाली बसवायचा, जुना बेल्ट हातात येतो. नवा चढवल्यावर टॉर्च घेऊन बघायचं की त्याच्या चारही धारा दोन्ही पुल्यांच्या आपापल्या खाचांत बसल्यात. एका खाचेने सरकलेला बेल्ट वरवर ठीक दिसतो आणि पुढे कडेने उसवत जातो. मग ताण : अॅडजस्टरच्या बोल्टला ८ न्यूटन-मीटर, आणि तो ताण धरलेला असतानाच नट २० न्यूटन-मीटरला आवळायचे.

बेल्ट ६०,००० किलोमीटरला बदलायचा, हे कंपनीचंच वेळापत्रक. पण तोवर बेल्टला भेगा पडल्यात का, तो काचेसारखा चकाकायला लागलाय का, हे कोण बघणार? बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडत नाही. बॅटरीवर चालत राहते आणि पेट्रोलचा पंप, इग्निशन, दिवे सगळे मिळून ती बॅटरी खातात. २००१ नंतरच्या ज्या गाड्यांना सर्व्हो ब्रेक आहेत, त्यांचा सर्व्होही (ब्रेकचा जोर वाढवणारा पंप) विजेवरच. बॅटरी झोपली की लिव्हर जीव खाऊन दाबला तरी जेमतेम ब्रेक लागतो. ज्या वस्तूवर माझे ब्रेक अवलंबून आहेत, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. मग ती शोरूममध्येच बघायला मिळते हे मी का ऐकून घ्यायचं?

पुणेरी_पिस्टन (पुणे)
ते वाक्य माझं. मागे घेत नाही.

तुम्ही जर्मनीत बसून लिहिताय, तिथे तासावर लिफ्ट भाड्याने मिळते, पार्ट दोन दिवसांत दारात येतो. इथे बेल्ट चुकीचा आला तर महिनाभर गाडी उघडी पडून राहते. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरातच आवळणारा पाना) किती जणांकडे आहे? आपल्याकडे नट "हाताला लागेल तसा" आवळतात. ८ न्यूटन-मीटर हाताला कळत नाहीत. जास्त ताणला की अल्टरनेटरचं बेअरिंग बोंबलतं, कमी ताणला की बेल्ट घसरतो.

आणि तुम्ही ११५० चं लिहिलंत, धाग्याच्या नावात मात्र नुसतं "बॉक्सर". माझ्या मित्राची २०१० ची आर१२००जीएस आहे. तिला अॅडजस्टरच नाही, बेल्ट ताणला जाणारा आहे. तुमच्यासारखंच कोणाचं तरी वाचून त्याने आणि एका गॅरेजवाल्याने मिळून तो स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवला. आतले दोरे तिथेच दुखावले असणार. महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात तुटला. बरोबर बायको होती, रात्र होती. त्या रात्री फोन मला आला होता, म्हणून इतकं तोडून बोललो.

वंगण (श्टुटगार्ट)
मॉडेल धाग्याच्या नावातच लिहायला हवं होतं, हे मान्य. ताण द्यायची माझी पद्धत आर११०० आणि आर११५० ची आहे. हवेवर थंड होणाऱ्या आर१२०० ला ती लागू नाही. २०१३ पासूनच्या पाण्यावर थंड होणाऱ्या जीएसला तर असा बाहेरचा बेल्टच नाही.

पण तुमच्या मित्राचा बेल्ट घरी बदलला म्हणून तुटला नाही, स्क्रूड्रायव्हर लावला म्हणून तुटला. आर१२०० ला दोन्ही सिलिंडरचा एकेक प्लग काढायचा म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही, गाडी सहाव्या गिअरमध्ये मेन स्टँडवर घ्यायची, बेल्ट एका पुलीत पूर्ण आणि दुसरीच्या कडेवर धरायचा आणि मागचं चाक हाताने सावकाश पुढे फिरवायचं. पुली बेल्टला स्वतःच ओढून घेते. एकाने चाक फिरवायचं, एकाने बेल्ट धरायचा, आणि धरणाऱ्याने बोटं सांभाळायची.

परवडण्याचं वाक्य मात्र तुम्ही अजूनही धरून बसलायत.

रंकाळा_रायडर (कोल्हापूर)
तुमचं चालू दे, पण आमच्या गाड्यांना कुठं बेल्ट आहे राव! आमचं वीज बनवणारं मॅग्नेट क्रँकच्या टोकाला, कॉइल प्लेट कव्हरच्या आत. माझी साडेतीनशेची गाडी, पुढं दोन फॉग लावले, ५५ वॅटचे हॅलोजन. सहा महिन्यांत कॉइल जळाली. मेस्त्री म्हणाला, दिवे लावले म्हणून लोड आला आणि जळाली. लिहायचं तर त्यावर लिहा. बीएमडब्ल्यू किती जणांकडं आहे?

वाइंडिंग (नाशिक)
दादा, मेस्त्रींचं हे निदान मला मान्य नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलची वीज आवरून बॅटरीला देणारं) शंट पद्धतीचं असतं. मॅग्नेट कायमचं चुंबक आहे, त्याला कमी-जास्त करता येत नाही. फिरलं की ते वीज काढणारच. जास्तीची वीज रेग्युलेटर शॉर्ट करून परत कॉइलमध्येच फिरवतो. म्हणजे दिवे बंद असले तरी कॉइलमधून जवळपास तेवढाच करंट जात असतो. दिव्यांनी बॅटरी उतरेल, कारण चार्जिंगपेक्षा खर्च जास्त होतो. कॉइल त्यामुळे जळत नाही.

बेल्टवाल्या बॉक्सरचं याच्या उलट आहे. तिथे कारसारखा अल्टरनेटर, आत फील्डची (चुंबकत्व तयार करणारी) कॉइल, रेग्युलेटर फील्डच कमी-जास्त करतो. गरज असेल तेवढीच वीज बनते. तो वेगळा वर बसवून बेल्टने फिरवलाय.

रंकाळा_रायडर (कोल्हापूर)
ताई, पुस्तकात असेल तसं. दिवे लावले तेव्हा जळाली, दिवे काढले, नवी कॉइल अजून चालू आहे. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो?

वाइंडिंग (नाशिक)
जळालेल्या कॉइलबरोबर आरआर युनिटकडे जाणारा कनेक्टर कसा होता? तीन पिवळ्या वायरींचा.

रात्रपाळी (सातारा)
फॉगचा विषय निघालाच आहे तर मी बोलणार. एप्रिल २०१७ पासून सगळ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, ठीक, दिवसा दिसायला बरं आहे. त्यावर हे बाजारातले एलईडी कशाला? मी रोज रात्री घाट उतरतो. समोरून एक असा दिवा आला की दोन-चार सेकंद रस्ताच दिसत नाही. आणि तो दिवा खाली वळवलेला नसतोच, सरळ डोळ्यांत. यांची कॉइल जळाली याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

रंकाळा_रायडर (कोल्हापूर)
तोंड सांभाळून! माझे हॅलोजन होते, एलईडी नाहीत, आणि खाली वळवलेले होते. ऊस हंगामात आमच्याकडं येऊन गाडी चालवून दाखवा. उसाची जोडट्रॉली रस्त्याच्या मधोमध, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. ऊस बाहेर लोंबतोय. साध्या हेडलाइटला ती कळते तेव्हा ब्रेक मारून उपयोग नसतो. माझा चुलतभाऊ असाच घुसला. मी शौक म्हणून लावले नव्हते दिवे.

रात्रपाळी (सातारा)
चुलतभावाचं वाचून वाईट वाटलं. कॉइलबद्दलचं वाक्य लिहायला नको होतं. पण ट्रॉली तुमच्या लेनमध्ये असते आणि तुमचा उजेड माझ्या. कारखान्यांनी गेटवरच ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय वजनकाट्यावर घेऊ नये, ही मागणी आपण दोघं मिळून करू. तोवर गाव आलं, समोरून गाडी आली की फॉग बंद, एवढं पाळा. हँडलवर बटण असतं.

सायलेन्सर (ठाणे)
गावाकडून ट्रॉलीवर रिफ्लेक्टर लावायची मोहीम दरवर्षी कोणीतरी काढतं, फोटो छापून येतात, पुढच्या हंगामात परत अंधार. पट्टी धुळीने आणि पाचटाने महिन्यात झाकली जाते. पुसणार कोण, ते ठरवा.

वंगण (श्टुटगार्ट)
ट्रॉलीचा विषय जीवनमरणाचा आहे, त्यासाठी नवीन धागा काढा, मी तिथे लिहीन. इथे बेल्टवर येऊ या का?

रंकाळा_रायडर (कोल्हापूर)
येतो. ताईंच्या प्रश्नाचं राहिलं. कनेक्टर काळा पडला होता, एक पिन वितळून प्लॅस्टिकला चिकटली होती. मेस्त्रीनं तो कापून वायरी पिळून टेप मारली. दिवे लावताना तिथंच कुठंतरी वायरिंग सोललं होतं, हेही आता आठवतंय.

वाइंडिंग (नाशिक)
मग मला तिथेच संशय आहे. ढिल्या जोडात उष्णता होते, एक फेज (तीन पिवळ्या वायरींपैकी एकीची वीज) तुटक जोडला जातो. टेपच्या जागी आजच पक्का कनेक्टर बसवून घ्या. पुन्हा कधी शंका आली तर आरआर युनिटचा प्लग काढून इंजिन चालू करा, तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात आणि रेस दिल्यावर बरोबरीने वाढायला हव्यात. इंजिन बंद करून कुठलीही पिवळी वायर आणि बॉडी यात कंटिन्युइटी (मीटरवर थेट जोड) दिसली तर कॉइल गेली. मेस्त्रीकडे जायच्या आधी एवढं घरी होतं.

रंकाळा_रायडर (कोल्हापूर)
कनेक्टर बदलतो. पण दिवे परत लावणार नाही, ते तुमच्या शंटवर विश्वास नाही म्हणूनच.

पुणेरी_पिस्टन (पुणे)
वंगण, "टायमिंगशी काडीचा संबंध नाही" हे अर्धं लिहून सोडू नका. ११५० मध्ये क्रँकच्या पुलीमागे हॉल सेन्सरची (क्रँक कुठे आहे ते ओळखणाऱ्या सेन्सरची) प्लेट आहे. इंजिनाच्या उष्णतेने त्याच्या वायरींचं कवच कडक होऊन भुग्यासारखं गळतं, मग पावसात किंवा गाडी धुतल्यावर मिसफायर. बेल्ट बदलायला कव्हर उघडलं की माणूस ते बघणार, आणि हौसेने पुली काढून प्लेट ढिली करणार. त्या प्लेटच्या जागेवरच इग्निशनचं टायमिंग आहे. जागेची खूण न करता काढली की झालं.

वंगण (श्टुटगार्ट)
हा मुद्दा बिनतोड आहे. बेल्टपर्यंत थांबलात तर टायमिंगला धक्का नाही. प्लेटला हात लावायचा तर आधी टोकदार सुईने तिच्यावर आणि केसिंगवर मिळून एक रेघ ओढायची, आणि हे पहिल्यांदा करणाऱ्याने एकट्याने करू नये. पण बघा, वायर गळायला लागलीय हे कळलं कशामुळे? कव्हर उघडलं म्हणून. शोरूमला दिली असती तर बेल्ट बदलून कव्हर लावून परत आली असती.

पुणेरी_पिस्टन (पुणे)
चांगल्या शोरूमने सांगितलं असतं. सगळी चांगली नसतात, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ठीक, कव्हर उघडून बघायला माझी हरकत नाही. बदलताना शेजारी कोणीतरी जाणकार हवा आणि टॉर्क रेंच हवा, यावर मी ठाम आहे. "परवडत नाही त्याने घेऊ नये" हे वाक्य काढून टाकतो. माझीही पहिली गाडी सेकंडहँडच होती.

हडसनकाठ (न्यू जर्सी)
आर११५०आर आहे. चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटतो, रेस दिली की जातो. बेल्ट मागच्या वर्षीच बदललाय. परत बेल्टच का?

वाइंडिंग (नाशिक)
आधी बेल्टचा ताण तपासा, नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ढिला पडतो. ताण बरोबर असेल तर बॅटरीवर मीटर लावा. चार हजार आरपीएमला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. त्यापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटरच्या मागचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. ब्रश आणि रेग्युलेटर एकाच तुकड्यात येतात, तेवढाच बदलता येतो, पूर्ण अल्टरनेटर घेऊ नका. आणि किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो लाल दिवा पूर्ण पेटतो ना तेही बघा. सुरुवातीचा करंट फील्डला त्या बल्बमधूनच जातो, बल्ब उडाला तर सगळं ठीक असून चार्जिंग सुरू होत नाही.

हडसनकाठ (न्यू जर्सी)
दिवा पूर्ण पेटतो. शनिवारी टाकी उचलतो आणि ताण बघतो. वंगण, नट ढिले करताना बॅटरी काढायची का?

वंगण (श्टुटगार्ट)
निगेटिव्ह आधी काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीवर बॅटरी कायम थेट असते, पाना तिथे टेकला तर ठिणगी उडेल.