शेतातल्या जुन्या तळ्यात गळवाल्यांसाठी मासे सोडायचेत, बीजवाला १० हजार पिल्लं म्हणतो, टाकू का?

कुहीचा_जावई:
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत कुही साइडला शेत घेतलं, त्यात आधीच्या मालकानं खोदलेलं तळं आहे, एकरभर असेल, प्लास्टिक वगैरे नाही, मातीचंच. मासे विकायचा धंदा नाही करायचा, नागपूरचे मित्र अन् त्यांची पोरं शनिवार-रविवार गळ घेऊन येतील, पुढं जमलं तर तिकीट लावू असं डोक्यात आहे. आता नवतप्यात (मे शेवटच्या कडक उन्हात) पाणी बम उतरलंय, मधोमध छातीभर, कडेला गुडघाभर. आत मरळ आहे हे नक्की, सालदाराच्या पोरानं काढली एक. बीजवाला म्हणून राहिला की जून लागला की १० हजार पिल्लं टाकून देतो, त्यातच तिलापिया अन् मांगूर, खाऊ घालायचं कामच नाही. घेऊ का?

ढेपवाला_भाऊ:
मांगूरचं नाव काढलं नं, तिथंच त्याला रामराम करा. देशी मांगूर चांगला, पण स्वस्तात विकतात तो बहुतेक थाई मांगूर असतो, मूळचा आफ्रिकेतला, त्याच्या पालनावर बंदी आहे, सापडला तर मत्स्य विभाग साठा नष्ट करते अन् तुमचे बाकीचे मासे तो आधीच खाऊन बसलेला असते.

आता १० हजारचं. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हा उत्पादनवाल्यांचा हिशोब, म्हणजे एकरी २ ते ४ हजार, अन् तोही रोज खाद्य घालून. तुम्हाला गळाला किलो-दीड किलोचा मासा लागायला पाहिजे, वीतभर नाही. मी म्हणतो हजार-बाराशेच टाका. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, ४०-३०-३० चं प्रमाण धरा, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. सायप्रिनस (कॉमन कार्प) टाळा, पाळ उकरते अन् पाणी गढूळ ठेवते, तसा गळावर मजा आणते हे खरं.

अन् हे तिन्ही बंद तळ्यात अंडी देत नाहीत, पुराचं वाहतं पाणी लागते त्यांना. म्हणजे जेवढे काढले तेवढे दरवर्षी परत टाकायचे, मोजणी हातात राहते.

पवनी_साइड:
भंडाऱ्याकडचा हाय मी. भाऊ बीज नंतर, पयले मरळ काढा, नाहीतर तुमी तिचाच डबा भरून राहिले. पाणी कमी हाय तवाच ढिवर लोकायले बोलवा, जाळं ओढून देतात. तरी चिखलात घुसलेली राहतेच, तिच्यासाठी मोहाची ढेप. मीटरभर पाण्याले हेक्टरी २०००-२५०० किलो लागते, म्हणून म्हणतो पाणी उतरलं तवाच टाका, ढेप कमी लागन. मेलेला मासा खाता येते, अन् दोन-तीन हप्त्यानं इख उतरलं की त्याच ढेपीचं खत होते. मंग चुना. मंग शेण. पाणी हिरवट झालं की बीज.

रविवार_गळ:
तिलापियाला एवढं काहून शिव्या घालता बे, पोरं आली अन् दोन तास काहीच लागलं नाही तर पुन्हा येतील का?

ढेपवाला_भाऊ:
पहिल्या वर्षी लागते भाऊ. मग ती तळ्यातच इतकी पिल्लं देते की सगळी बोटाएवढीच राहतात अन् रोहूचं खाद्य संपवतात. शिवाय तिच्या पालनाला परवानगी लागते.

कुहीचा_जावई:
मांगूर-तिलापिया कॅन्सल. मग बीज कधी अन् पाण्याचं कसं ओळखू? मीटर-बिटर घ्यावं लागते का?

ढेपवाला_भाऊ:
जुलै शेवट-ऑगस्ट, बोटुकली ४ इंचाच्या पुढचीच घ्या, जिरे (अगदी बारीक पिल्लं) घेऊ नका कितीही स्वस्त असो. पिशवी तशीच बंद १५-२० मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या, मग तोंड उघडा, आपली आपली निघतात. पाण्यात कोपरापर्यंत हात घाला, तळवा अंधूक दिसला तर ठीक, साफ दिसला तर शेण कमी पडलं, मनगटालाच दिसेनासा झाला तर शेण अन् खाद्याची ढेप दोन्ही बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ऑक्सिजन कमी पडून राहिला, मोटर लावून पाणी उंचावरून पाडा. ढगाळ दिवसात तर पहाटे चक्कर मारायचीच. माती-पाण्याचं नीट विचारायचं असेल तर नागपुरात तेलंगखेडीला माफसूचं (पशु अन् मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे.

पवनी_साइड:
सांडव्याले जाळी बीज यायच्या आंधी. पयल्या मोठ्या पाण्यात मासे धारेवर चढतात, अर्धे शेजाऱ्याच्या धुऱ्यात भेटतीन.

रविवार_गळ:
अन् तिकीट लावशील तर आमिषावर बंधन ठेव. एकेक जण कणीक-ढेपीचे किलोकिलोचे गोळे फेकते, तळाशी सडते ते सगळं. परत सोडायचे मासे असतील तर बिनकाट्याचा गळ, हात ओले करून धरायचा, अन् एप्रिल-मे पूर्ण बंद, त्या पाण्यात सोडलेला मासा वाचत नाही.

कुहीचा_जावई:
ढिवर मंडळींना उद्याच फोन लावतो. मोहाची ढेप कुही-उमरेडकडं कोणाकडं मिळेल?