मदत हवी आहे: मेश लावल्यापासून प्रिंटर सापडत नाही

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर आहे, भिंती हातभर जाड, म्हणून तीन नगांचं मेश वायफाय (घरभर ठेवलेली छोटी यंत्रं मिळून एकच वायफाय देतात ते) घेतलं. नेट गच्चीपर्यंत मस्त येतं. पण खालचा प्रिंटर जुन्या राउटरला वायरने जोडलेला आहे, आणि वरच्या लॅपटॉपला तो यादीत दिसतच नाही. पिंगला (प्रिंटरपर्यंत पोचता येतं का, ते बघायची चाचणी) मात्र उत्तर येतं! प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.७, लॅपटॉपचा १९२.१६८.६८.२३. म्हणजे जुना राउटर आणि मेश आपापलं वेगळं नेटवर्क चालवताहेत ना? गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) बंदच आहे.

आई शिकवणीच्या प्रश्नपत्रिका छापायला पेन ड्राइव्ह घेऊन दहादा जिना उतरते, गुडघे दुखतात तिचे. मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकू (म्हणजे ते फक्त वायफाय पसरवेल, नेटवर्क जुना राउटर चालवेल), की जुना राउटर ब्रिज मोडवर (म्हणजे तो नेट नुसतं पुढे पाठवेल, नेटवर्क मेश चालवेल)? कोणी केलं असेल तर नक्की सांगा.