डावखुऱ्यांसाठी सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय बदलावं? अनुभव लिहा

दहातलं साधारण एक माणूस डावखुरं असतं. तरी हा विषय निघाला की बोलणं दोनच टोकांना जातं: 'सगळं आरशासारखं उलटं करून द्या', नाहीतर 'सवय होते हो'. दोन्हींचा उपयोग नाही. कुठली सेटिंग, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढं लिहा. सिस्टीम कुठलीही चालेल.

बाणाचं टोक:
विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या माउसच्या पानावर मुख्य बटण 'उजवं' करता येतं. बटणं बदलतात, पण बाण तसाच राहतो, वर डावीकडे टोक असलेला. डाव्या हाताला तो वर उजवीकडे झुकलेला हवा. कर्सर एडिटरमध्ये चित्र आडवं उलटवलं की काम झालं असं वाटतं, पण क्लिकचा बिंदू, म्हणजे हॉटस्पॉट, जुन्याच जागी राहू शकतो. ३२ × ३२ पिक्सेलच्या कर्सरमध्ये टोक (०,०) वर असेल तर उलटवल्यावर बिंदू (३१,०) करावा लागतो. तो राहिला तर क्लिक टोकाच्या ३१ पिक्सेल डावीकडे पडते: 'सेव्ह' दाबायला जावं आणि शेजारचं बटण दाबलं जावं. बाण असलेले सगळे कर्सर उलटवा. मजकुरातली उभी रेघ आहे तशीच चालते.

शिफ्ट-इन्सर्ट:
माउस डावीकडे आला की कंट्रोलसोबतचे झेड, एक्स, सी, व्ही हे शॉर्टकट अडचणीचे होतात, कारण ते सगळे डाव्या हाताच्या बाजूला आहेत. उजव्या हातासाठी जुनी जोडी अजून चालते: कंट्रोल-इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट-डिलीट म्हणजे कट. मजकुरात हे बिनधास्त वापरा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये मात्र शिफ्ट-डिलीट फाइल कट करत नाही, रीसायकल बिनला वळसा घालून कायमची काढून टाकते. तिथे उजवी क्लिक करून मेनूतला 'कट'च घ्या.

आणि ॲप बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती: शॉर्टकट बदलता येऊ द्या. एकाच अक्षराचे शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत, हे तर वेबच्या सुलभता नियमांतही आहे (डब्ल्यूसीएजी, निकष २.१.४).

कोडवाला:
वरच्या दोघांशी सहमत. बटणांची अदलाबदल गेममध्ये का हरवते, ते सांगतो. विंडोजमधलं 'गेट असिंक की स्टेट' हे फंक्शन प्रत्यक्षातलं बटण सांगतं, अदलाबदल विचारात घेत नाही. त्यामुळे मेनूत सगळं बरोबर चालतं आणि खेळ सुरू झाला की बटणं पुन्हा उलटी. बटणं बदलली आहेत का, हे 'गेट सिस्टिम मेट्रिक्स'ला विचारून मगच अर्थ लावा. ब्राउझरमध्ये हा त्रास नाही: तिथे माउस इव्हेंटमधलं ० नंबरचं बटण म्हणजे 'डावं' नव्हे, 'मुख्य'. मदतीच्या पानांवरही 'डावी क्लिक' लिहू नका, नुसतं 'क्लिक' लिहा.

पेनवाली:
खरा त्रास डिजिटल पेनमध्ये आहे. पेन डाव्या हातात असलं की डावीकडे उघडणारा मेनू तळव्याखाली जातो. विंडोजच्या 'टॅब्लेट पीसी सेटिंग्ज'मध्ये हाताची निवड आहे. 'डावखुरा' केलं की मेनू हाताच्या उजवीकडे उघडतात. वॅकॉमच्या, म्हणजे चित्र काढायच्या टॅब्लेटवर ड्रायव्हरमध्ये एक्स्प्रेस-की (कडेची शॉर्टकट बटणं) उजवीकडे अशी दिशा निवडायची आणि टॅब्लेट १८० अंशांत फिरवायचा. दोन्ही गोष्टी करायच्या. नुसता फिरवला तर रेघ उलट्या दिशेला जाते. प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये ब्रशच्या जाडीची पट्टी मुळात डावीकडे असते, म्हणजे उजव्या हाताने चित्र काढणाऱ्यासाठी. ॲक्शन्स, प्रेफ्स, 'राइट-हँड इंटरफेस' चालू करा. नाव ऐकून डावखुरे ही सेटिंग टाळतात, पण ती त्यांच्याचसाठी आहे.

अंगठा:
फोनचा हिशेब निराळा. २०१३ मध्ये मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी लोक फोन कसा वापरतात याची १३३३ निरीक्षणं नोंदवली. स्क्रीनला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एका हाताने वापरत होते आणि त्यांतले ३३ टक्के डाव्या अंगठ्याने. म्हणजे डावखुऱ्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त, कारण उजव्या हातात पिशवी असते, दांडा असतो, मूल असतं. म्हणून 'तुम्ही डावखुरे आहात का?' असं एकदा विचारून मोकळं होणं चुकीचं आहे. हात दिवसभरात बदलतो. गूगलच्या जीबोर्डचा एक-हाती कळफलक बाणाच्या एका टिचकीने या कडेवरून त्या कडेला जातो; तरंगणाऱ्या '+' बटणालाही तसंच ओढून दुसऱ्या कोपऱ्यात नेता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर खाली मधोमध ठेवा.

पेनवाली:
हो, आणि अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतली 'उजवीकडून डावीकडे' मांडणी हा यावर उपाय नाही. ती अरबी, उर्दूसारख्या लिपींसाठी आहे. मागे जायचा बाण, यादी, मजकुराची कड सगळंच उलटतं. हाताला हव्या असतात चारच गोष्टी: मुख्य बटण, साधनपट्टी, मेनूची दिशा, स्क्रोलपट्टी. वाचनाची दिशा तीच राहू दे.

कोडवाला:
सामायिक संगणकाचं राहिलं. काही माउसच्या स्वतःच्या मेमरीत अदलाबदल साठवता येते. तो कुठेही जोडला तरी चालतो आणि दुसऱ्याच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. तसा माउस असेल तर सिस्टीममध्ये पुन्हा अदलाबदल करू नका, दोन्ही मिळून बटणं परत उजव्या हाताची होतात.