मदत हवी आहे: व्यसनमुक्तीनंतर जोडप्यांसाठी गट-समुपदेशन
भांडुपला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान दारूच्या व्यसनावर उपचार घेऊन घरी परतले असून सध्या पीत नाहीत. तरीही ते कामावरून उशिरा आले की ती दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेते आणि तिथूनच भांडणाची ठिणगी पडते. अल-अनॉनच्या सभांचा तिला आधार वाटतो, परंतु त्या दारूचे व्यसन असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी असतात आणि यजमान अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभेला वेगळे जातात, त्यामुळे दोघांमधला अबोला तसाच राहतो. मारहाण कधीच झालेली नाही आणि एकत्र यायला दोघेही राजी आहेत (हेच मला विशेष वाटते). दादर ते ठाणे या पट्ट्यात, रविवारी, मराठीतून चालणारा, परवडेल असा जोडप्यांचा गट कुणाला ठाऊक आहे का, आणि तिथे प्रवेशापूर्वी पत्नीशी स्वतंत्रपणे बोलतात का?