किर्गिझस्तान: जुलैत ९ दिवस, आई-बाबा सोबत, पूर्ण शाकाहारी. जमेल का?

घाटवाट:
राजधानी बिश्केक, सोंग-कोल आणि इसिक-कुल ही तळी आणि शेवटी दक्षिणेचं ओश शहर असा बेत आहे. आई-बाबा पासष्टीचे. उंची, जेवण आणि पैसे, तिन्हीची धाकधूक आहे. जाणकारांनी सांगावं.

भटका७४३९:
ओश आधी काढून टाका. बिश्केकहून सहाशेच्या वर किलोमीटर, मध्ये ३,००० मीटरवरची तू-अशू खिंड. दहा-बारा तास गाडीतच जातात. जायचंच असेल तर विमानाने.

खरी काळजी सोंग-कोलची. बिश्केक ८०० मीटरवर, सोंग-कोल ३,०१६ वर. एका दिवसात थेट वर गेलात तर रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. म्हणून वाटेतल्या कोचकोर गावाला (सुमारे १,८०० मीटर) एक मुक्काम टाका. वर दुखणं वाढत गेलं तर गोळी घेऊन तिथेच थांबू नका, सरळ खाली या.

वर मुक्काम यर्टमध्ये, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूत. तिथे शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी असते. झोपताना पेटवतात, मध्यरात्री विझते आणि पहाटे पारा शून्याजवळ येतो, जुलैतसुद्धा. कानटोपी, लोकरीचे मोजे हवेतच. संडास बाहेर, बराच लांब. विजेरी प्रत्येकाची वेगळी.

मेतकूट_भात:
जेवणात गंमत अशी की रशियनमध्ये 'बेझ म्यासा' (मांसाशिवाय) म्हटलं की बरेचदा नुसते तुकडे बाजूला काढतात. रस्सा मांसाचाच राहतो. तेव्हा 'बेझ बुल्योना' (मांसाच्या रश्शाशिवाय) हेही सांगा. लगमान (नूडल्स), पुलाव, सामसा (भट्टीत भाजलेला समोसा), सगळ्यांत मांस गृहीतच. भरवशाचं म्हणजे तंदुरी पाव, साय, जॅम, काकडी-टोमॅटो, अंडी चालत असतील तर अंडी.

घरून डाळ-तांदूळ नेऊ नका. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांलाच उकळतं, डाळ कच्ची राहते. सातूचं पीठ, पातळ पोहे, मेतकूट न्या. यर्टमध्ये गरम पाणी मागाल तेव्हा मिळतं.

घाटवाट:
ओश रद्द! कुमिस प्यावं का?

मेतकूट_भात:
घोडीचं आंबवलेलं दूध, आंबट, किंचित अल्कोहोल असतं. दोन घोट पुरे. पहिल्याच दिवशी वाडगाभर प्यायलात तर पोट बिघडतं.

सोमवार_नव्हे_सोम:
चलन सोम, सध्या ढोबळ हिशेबाने एक सोम म्हणजे एक रुपया. कार्ड बिश्केकमध्ये आणि इसिक-कुलजवळच्या काराकोल शहरात चालतं, यर्टवर फक्त रोख. डॉलर कोरे न्या. घडी पडलेली, शाई लागलेली नोट परत करतात. व्हिसा लागतो, ई-व्हिसाचा अर्ज आधी भरा. मार्शरुत्का (मिनीबस) सीट भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे कोचकोरहून वर जायला गाडी ठरवूनच घ्या. आपला दोन गोल पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा नाही. आणि ओशचे वाचलेले दिवस इसिक-कुलच्या दक्षिण काठाला द्या, उत्तरेकडे जुलैत फार गर्दी असते.