श्वेतपटलासाठी एकच यंग गुणांक धरावा का?

यंत्रविद्यार्थी:
काचबिंदूच्या अभ्यासासाठी मी नेत्रगोलाच्या मागील भागाचे संगणकीय प्रतिमान तयार करत आहे. श्वेतपटलाच्या (डोळ्याच्या बाहेरील पांढऱ्या भिंतीच्या) यंग गुणांकाचे, म्हणजे कडकपणाच्या मापाचे, आकडे निरनिराळ्या शोधनिबंधांत इतके वेगवेगळे आहेत की कोणता घ्यावा हेच समजत नाही. शिवाय डोळ्यातील दाब जेमतेम १५ मिमी पारा असतो. एवढ्याशा दाबाने ही चिवट भिंत हलते तरी किती, अशीही शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तंतुजाल:
मोजणाऱ्यांनी भार आणि ताणले जाणे यांच्या वक्राच्या वेगवेगळ्या बिंदूंवरचा उतार नोंदवलेला असतो, हे या तफावतीचे मोठे कारण आहे. श्वेतपटलातील कोलॅजेनचे तंतू भार नसताना किंचित नागमोडी असतात. सुरुवातीच्या ओढीने ते केवळ सरळ होतात, म्हणून ऊती आधी मऊ भासते आणि तंतू ताठ झाल्यावर झपाट्याने कडक होत जाते. त्यामुळे कोणत्या दाबाला मोजले हे न सांगता दिलेला गुणांक माझ्या मते निरुपयोगी आहे. त्यातही पट्टी कापून ओढली असेल, तर कडेचे तंतू तुटलेले असतात आणि मूळचा वक्र भाग सपाट केलेला असतो. नेत्रगोलाचा मागील भाग अखंड ठेवून फुगवण्याच्या चाचणीवर मी अधिक विश्वास ठेवतो. ही ऊती श्यानप्रत्यास्थ (काहीशी रबरासारखी, काहीशी दाट द्रवासारखी) असल्यामुळे भार किती वेगाने दिला, यानेही उत्तर बदलते.

दाबाची शंका लाप्लासच्या नियमाने फिटेल; दाब, त्रिज्या आणि जाडी यांवरून भिंतीतील ताण तो सांगतो. १५ मिमी पारा म्हणजे सुमारे २ किलोपास्कल. त्रिज्या १२ मिमी आणि जाडी ०.८ मिमी धरल्यास भिंतीतील प्रतिबल (एकक क्षेत्रावरील अंतर्गत बल) १५ किलोपास्कल, म्हणजे आतील दाबाच्या साडेसातपट येते. नेत्रगोलाच्या विषुववृत्ताकडे (पुढील व मागील टोकांच्या मधल्या घेराकडे) भिंत पातळ होते, तेथे ते आणखी वाढते.

दृक्चेता:
वरील गणित अखंड गोलाचे आहे, आणि काचबिंदूत मुख्य प्रश्न असतो तो त्या गोलाला असलेल्या छिद्राचा. दृक्-चेतेचे सुमारे दहा लाख तंतू जेथून बाहेर पडतात, तेथे श्वेतपटलाऐवजी लॅमिना क्रिब्रोसा ही चाळणीसारखी मऊ जाळी असते. छिद्राभोवती कोलॅजेनचे तंतू कड्यासारखे वर्तुळाकार मांडलेले असतात, त्यामुळे तेथे सर्व दिशांना समान गुणधर्म धरणे चुकीचे ठरेल. दाब वाढला की जाळी मागे ढकलली जाते. त्याच वेळी छिद्र रुंदावून तिला आडवी ताणते, आणि श्वेतपटल किती कडक आहे यावर या दोहोंचा तोल ठरतो. जाळीच्या मागे मस्तिष्कमेरू द्रवाचाही (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचाही) दाब असतो. मागील बाजूला तो शून्य धरू नये; तसे धरण्याची चूक प्रतिमानांत सर्रास दिसते.

वयोमान:
फुगवण-चाचणीबद्दल एक सावधगिरी सुचवतो. दान केलेले डोळे बहुधा वृद्धांचे असतात आणि वयाबरोबर श्वेतपटल कडक होत जाते, त्यामुळे तरुण डोळ्याच्या प्रतिमानात ते आकडे जसेच्या तसे वापरू नयेत. तीव्र लघुदृष्टीत (लांबचे अंधुक दिसण्याच्या दोषात) तर मागील श्वेतपटल पातळही झालेले असते.

यंत्रविद्यार्थी:
सर्वांचे आभार. आता एकाच गुणांकाऐवजी तंतूंची दिशा आणि नागमोड धरणारे अरेखीय प्रतिमान घेतो व लॅमिनाच्या मागे द्रवाचा दाब लावतो. दृक्-चेतेचे आवरण नजर वळवताना छिद्राच्या कडेला ओढते असे वाचले आहे. केवळ दाबाचा परिणाम पाहताना ती ओढ वगळली तर चालेल का?

दृक्चेता:
नजर सरळ धरली असेल तर पहिल्या टप्प्यात वगळता येईल. मात्र आवरणाची जोडणी प्रतिमानात आताच ठेवा, कारण ती छिद्राच्या कडेचा कडकपणाही बदलते.